साबरीपाड्याचा कोरा फोन

१. स्वागत आहे

फोन चालू झाला. पांढऱ्या पडद्यावर एवढंच उमटलं : ‘स्वागत आहे. भाषा निवडा.’

दिवाल्या पावराने तो फोन नवलच्या मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर ठेवला आणि हात मागे घेतला. मेलेलं कोंबडं विकणाऱ्याच्याच पुढ्यात परत टाकावं, तसा.

“हा माझा फोन नाही,” तो म्हणाला. “माझ्या फोनात माझा पोरगा होता.”

त्याच्या मागे तळोद्याच्या भर बाजारात साबरीपाड्याची तीस-चाळीस माणसं उभी होती. काहींच्या हातात दगड होते. मिरची, मीठ, तेलाच्या बाटल्या घ्यायला सातपुड्यातून उतरलेली माणसं आज काही न घेता थेट या दुकानापुढे आली होती. सगळ्यांत पुढे दिवाल्याचा पुतण्या दिनेश होता.

“ह्यानेच पुसला,” दिनेश ओरडत होता. “हेमकांत पाटलाचा माणूस आहे हा. शिवाजी जेलात सडावा म्हणून पुसला.”

नवल काउंटरच्या आत भिंतीला चिकटून उभा होता. शटर ओढायलाही त्याचा हात उठत नव्हता.

दुकानासमोरच दगूबाईंचं घर. त्या रस्ता ओलांडून आल्या. आश्रमशाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या बाई. या गर्दीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाटीवर हात धरून गिरवायला शिकवलं होतं. पण आज कुणी वाट दिली नाही.

“बाई, तुम्ही घरी जा,” दिनेश म्हणाला. “तुम्ही शेवटी तुमच्याच लोकांची बाजू घेणार.”

“चौथीत असतानाही तू उत्तर आधी सांगायचास आणि गणित नंतर करायचास,” दगूबाई म्हणाल्या. “आज गणित आधी करू. जीपा सुटायच्या आत सांगते, फोन कुणी पुसला ते. नाही सांगता आलं, तर फोडा दुकान. मी मधे येणार नाही.”

दिवाल्या दुकानाच्या पायरीवर बसला. दगड खाली पडले नाहीत, पण उडालेही नाहीत.

प्रकरण सगळ्यांना माहीत होतं. साबरीपाड्यात इंदल होता, देवासाठी रात्रभर नाचायचा सण, त्याच रात्री म्हसावदला हेमकांत पाटलांची पपईची बाग कुणीतरी कोयत्याने आडवी केली. शिवाजी हा दिवाल्याचा मुलगा, त्याच बागेत कामाला होता. पंधरा दिवसांपूर्वी हेमकांतने त्याला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली आणि शिवाजी ‘बघून घेईन’ म्हणून निघून गेला. एवढं पोलिसांना पुरलं. शिवाजी वनरक्षकाच्या भरतीत निवडला गेला होता. सोमवारी त्याला रुजू व्हायचं होतं. तो कोठडीत राहिला तर ती नोकरी गेली.

तो रात्रभर इंदलात होता, असं अख्खा पाडा सांगत होता. पोलीस म्हणाले, पाडा आपल्या पोरासाठी खोटं बोलणारच. मात्र शिवाजीची आई फुलीबाई हिने त्या रात्री नाचणाऱ्या लेकाचा लांबलचक व्हिडिओ घेतला होता. तारीख, वेळ, सगळं त्यात होतं. आणि सकाळी तो फोन कंपनीच्या नावावर अडकून बसला. नाव यायचं, जायचं, पुन्हा यायचं. पुढे काही नाही.

म्हणून तो परवा नवलकडे आला होता. आणि आता कोरा होता.

२. फळा आणि दप्तर

“बोल,” दगूबाई आत स्टुलावर बसत अहिराणीत म्हणाल्या. “मांगला साले तू मले जी बॅटरी दिधी, ती फुगी गयी. तुन्हावर इस्वास ठेवाले मन्हाकडे एकबी कारण नही शे. म्हनीसन नीट बोल.”

नवलने मान खाली घातली. “बाई, बॅटरीनं खरं शे. पन हाई मी करं नही.”

“काय करं ते सांग. मले समजी असं.”

नवलने सांगितलं. असा अडकलेला फोन नेहमीच्या वाटेने उघडत नाही. मग त्याला मागच्या दाराने उठवावं लागतं. फोन बंद करायचा, आवाज वाढवायचं बटण आणि चालू करायचं बटण एकदम दाबून धरायचं. काळा पडदा येतो, त्यावर बारीक अक्षरांत ओळी. त्याला रिकव्हरी मोड म्हणतात. तिथे बोट चालत नाही. बटणांनीच वर-खाली जायचं. एक ओळ फोन पुन्हा सुरू करते. एक ओळ कॅश पुसते. आणि एक ओळ सगळं पुसते.

“कॅश म्हंजे?”

“फोननी सोताना कामले काढेल कच्चा खरडा. तो गया तरी आपलं काही जात नही.”

“म्हणजे एका ओळीने फळा पुसला जातो,” दगूबाई दाराकडे तोंड करून मोठ्याने मराठीत म्हणाल्या, बाहेरच्यांनाही कळावं म्हणून, “आणि दुसऱ्या ओळीने दप्तरच जळतं.”

“हा. मी फळा पुसा. फोन सुरू व्हयना. लॉक उनं. दिनेश आठेच व्हता. त्याले सांगं, उघडीसन देखी ले, समदं शे का. त्यानी भिंतकडे तोंड करीसन लॉक उघडं. बोलना, शे. बॅटरी उतरेल व्हती, म्हनीसन तास-दीड तास चार्जिंगले ठेवा. मंग तो लई गया.”

दगूबाईंनी कोरा फोन हातात घेतला. आवाज वाढवायच्या बटणाच्या जागी नुसती खाच होती.

“हे बटण कुठे?”

“कवयनं तुटेल शे. मी सुई घालीसन दाबं.”

बाहेरून दिनेशचा आवाज आला. तो सगळं ऐकत होता.

“खोटं. मी उघडलाच नाही. ह्याने बंद करून हातात दिला, मी बंदच वर नेला. घरी काकाने चालू केला तेव्हा असा होता. हा त्या काळ्या पडद्यावर चुकीची ओळ दाबून बसला आणि आता माझ्यावर घालतो.”

गर्दी पुढे सरकली. काउंटरची काच हलली.

दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. आणि ज्याची खोटं बोलायची सवय साऱ्या तळोद्याला ठाऊक होती, तो काउंटरच्या आत होता.

३. पुढची सीट

जीपा उभ्या राहायच्या तिथे गोकुळ टायरवर पाणी मारत होता. डोंगरात त्याचीच जीप जायची. परवा दिनेश आणि फोन, दोघंही तिच्यातूनच गेले होते.

“मले इचारू नका, बाई,” तो वर न बघता म्हणाला. “त्या दिवाल्यानं नाव काढू नका मन्हापुढे.”

“काबर?”

“आखी वाट त्याना फोनवर गाना लावतो मी. लॉक मले पाठ व्हतं. इंदलना आदल्या दिवसले लॉक बदली टाकं. मले काय म्हने, तू बॅटरी खास. मंग मी बी म्हनं, यापुढे टपवर बठ.”

“परवा फोन कोठे व्हता?”

“आठे.” गोकुळने स्टिअरिंगपुढची जागा दाखवली. “चार्जिंगनी वायर शे ना मन्ही, म्हनीसन दिनेशनी ठेवा. बंदच व्हता. तो बिडी लेवाले गया.” तो पुन्हा टायरकडे वळला. “तवय हेमकांत आप्पा उना. पुढली सीटवर बठा. फोन हातमा लिधा त्यानी.”

दगूबाई वळल्या तर हेमकांत पाटील खताच्या दुकानापुढे उभा होता आणि त्यांच्याचकडे बघत होता.

“माय, आते त्यासनी वकिली करी ऱ्हायनात का?” तो म्हणाला.

“फोन कसाले उचला, आप्पा?”

“मन्हा झाडं ज्यानी मारात, त्यानं तोंड देखानं व्हतं. म्हने व्हिडिओमा नाची ऱ्हायना.” हेमकांतच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. “तुम्ही बाग देखी का? फळं लागेल व्हती. रातले थ्री फेज येस, म्हनीसन रखवालदार बारापावत पानी भरी ऱ्हायंता. तवय आखी बाग उभी. सकायले उना तर सगळी आडवी, आनि बांधवर पांढरा चीक. लेकरूना दुधगत.”

“आनि फोन?”

“बटन दाबं. काळाच. परत ठेई दिधा. मी पुसा म्हनतस का? मले त्यामधलं काय समजस?” तो जवळ आला. “समजतं तरी पुसता. हाई बी लिखी ल्या.”

दगूबाई परत निघाल्या. संशयित कमी होण्याऐवजी वाढले होते. एकाला लॉक पाठ होतं, एकाने पुसायची इच्छा तोंडावर बोलून दाखवली होती. आणि दुकानापुढे काच फुटल्याचा आवाज झाला.

४. मागचा नंबर

फक्त बाहेरची पाटी फुटली होती. नवलच्या कपाळाला खरचटलं होतं. दगड मारणाऱ्याला दिवाल्याने स्वतः मागे ढकललं होतं, पण नवलवरची त्याची नजर तशीच होती.

दगूबाई त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या. “दिवाल्या, लॉक बदललंस म्हणे.”

“हा. गोकुळ फोन चोळत बसे.”

“कुणी बदलून दिलं?”

“दिनेशने. मला कुठे येतं? त्याने बोटाने काढून दाखवलं. मी, फुलीबाई, शिवाजी. आम्हालाच ठाऊक.”

“परवा तू खाली आला होतास?”

“नाही. आम्ही दोघं घरीच. फुलीबाई जेवत नाही. तू बाई, इकडचं तिकडचं विचारते. माझा पोरगा उद्या कोर्टात उभा राहील. मी काय दाखवू? हे स्वागत आहे दाखवू?”

दगूबाई उठल्या. दिनेश विजेच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्याजवळ त्याची बायको रिना होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. दगूबाईंना पाहून ती दोन पावलं मागे झाली.

“दिनेश, तू परवापासून फार धावतो आहेस.”

“धावणार. भाऊ आहे माझा.” त्याचे डोळे लाल होते. “ऐका, बाई. वनरक्षकाच्या प्रतीक्षा यादीत पहिला नंबर माझा आहे. तो गेला तर नोकरी मला. हे लोक मागे काय बोलतात, मला कळतं. तरी मीच फोन घेऊन आलो. मीच इंदलात त्याच्याशेजारी रात्रभर उभा होतो. ह्या चोराला विचारायचं सोडून तुम्ही मला विचारता?”

“शेजारी? रात्रभर?”

“आम्ही दोघांनी कळंबाच्या फांद्या आणल्या होत्या. आमची रीत तुम्हाला माहीत आहे.”

दगूबाईंना माहीत होती. साबरीपाड्यात इंदलासाठी जो कळंबाची फांदी तोडून आणतो, तोच ती धरून नाचतो. सकाळी फांद्या पाण्यात सोडेपर्यंत त्याने ती खाली टेकवायची नसते आणि रिंगण सोडायचं नसतं. अगदीच अडलं, तर घरचं माणूस फांदी हातात घेतं. बाहेरचं नाही.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “नवल, याच कंपनीचा एखादा भंगारातला फोन आहे का तुझ्याकडे? चालू होणारा?”

५. दोन फोन

नवलने काउंटरवर दुसरा फोन ठेवला. त्याची काच तडकलेली होती, पण बटणं शाबूत होती.

“सगळे या,” दगूबाई म्हणाल्या. “हेमकांतआप्पांनाही बोलवा. गोकुळ, तूही ये. उंच असतील त्यांनी मागे उभं राहा.” वर्गात म्हणायच्या तसंच.

माणसं कुरकुरत जमली. पपईवाला आणि पाड्याची माणसं यांच्यात हातभर अंतर राहिलं. कुणी कुणाला पाठ दिली नाही.

“नवल, हा भंगाराचा फोन मागच्या दाराने उघड. सगळं पुसणारी ओळ दाब.”

नवलने दोन्ही बटणं धरली. काळा पडदा आला. बारीक ओळी आल्या. त्याने खाली जात ती ओळ निवडली. फोन बंद झाला, बराच वेळ तसाच राहिला, मग चालू झाला. ‘स्वागत आहे. भाषा निवडा.’

“दिवाल्याच्या फोनासारखंच,” दिनेश म्हणाला. “बघा, हेच केलं त्याने.”

“पुढे जा, नवल.”

नवलने भाषा निवडली, वायफाय जोडलं. एक पडदा आला आणि तिथेच थांबला. नवलने वाचलं, “या फोनवर आधी असलेलं खातं टाका. नाहीतर आधीचं लॉक टाका.” त्याने खांदे उडवले. “आते हाई मालक सोडीसन कोनले पुढे जाऊ देत नही. चोरासाठी करेल शे. चोर मागला दारनी पुसस, म्हनीसन फोन त्याले इचारस, तू कोन शे?”

“आता दिवाल्याचा.”

भाषा. वायफाय. आणि मग एकामागून एक पडदे सरकत गेले. कुणी काही विचारलं नाही. फोन सरळ उघडला. नवा, रिकामा.

नवलच्या तोंडाचा आ तसाच राहिला. हे त्यालाही सुचलं नव्हतं. भीतीने तो फोन त्याने पुढे नेऊनच पाहिला नव्हता.

“हा का विचारत नाही?” दिवाल्याने विचारलं.

“कारण याला मागच्या दाराने कुणी पुसलाच नाही,” दगूबाई म्हणाल्या. “हा पुढच्या दाराने पुसला आहे. सेटिंगमध्ये जाऊन, लॉक टाकून. जुना फोन देऊन टाकताना मी स्वतः तसाच पुसला होता. फोनला वाटलं, मालकच सांगतो आहे, मग कशाला विचारायचं? आता मोजा. नवलला मागचं दार येतं, पण लॉक माहीत नाही. आप्पांना दोन्ही येत नाही. गोकुळला लॉक येत होतं, पण ते बदललं. नवं लॉक चौघांना ठाऊक. शिवाजी कोठडीत. दिवाल्या आणि फुलीबाई डोंगरात. राहिलं कोण?”

दिनेशच्या दोन्ही बाजूंची माणसं थोडी सरकली.

“ज्याने दुकानात बसून काळा पडदा पाहिला,” दगूबाई म्हणाल्या, “त्याला कळलं की तिथे सगळं पुसणारी ओळ आहे आणि बोट नवलवर जाईल. पण तुटलेल्या खाचेत घालायला त्याच्याकडे सुई नव्हती. म्हणून त्याने सोपी वाट घेतली. दोन्ही वाटा सारख्याच दिसतील असं त्याला वाटलं.”

“नवलने लॉक चोरून बघितलं,” दिनेश म्हणाला. आवाज खाली आला होता. “मी उघडलं तेव्हा.”

“तू उघडलंच नव्हतंस ना?”

दिनेश एकदम मान वर करून म्हणाला, “बरं, उघडलं. आणि मीच पुसलं म्हणा. चुकून झालं. व्हिडिओ तर गेला ना? आता तुमचं गणित कोर्टात कोण ऐकणार?”

त्याचं खरं होतं. आणि ते दिवाल्याच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना दिसलं.

६. रिकामं रिंगण

“नवल,” दगूबाईंनी विचारलं, “हा फोन तूच विकला होतास. त्यात खातं कुणाचं टाकलंस?”

नवल चुळबुळला. “मन्हं. यासनाजवळ ईमेल ऱ्हास का? वरना पाड्यासमा जितला फोन मी दिधात, समदामा मन्हंच खातं शे.”

“म्हणजे त्यांचे फोटो?”

“वायफाय भेटनं का मन्हा खातामा येतस,” नवल हळूच म्हणाला. “बकऱ्या, बारसं, लग्न. मी रोज काढी टाकस, बाई. जागा भरी जास मन्ही.”

“आमच्या बायकांचे फोटो तुझ्याकडे?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा सगळे पुढे आले. दगूबाईंनी हात वर केला.

“त्याचा हिशोब नंतर करा, मीही येईन. नवल, फोन दिनेशने इथे उघडला, मग तास-दीड तास तुझ्या वायफायवर चार्जिंगला होता. काय आलं?”

नवलने स्वतःचा फोन काढला. वर-खाली केलं. चेहरा उतरला.

“काल साफ करं, बाई. काही नही शे.”

दिवाल्या उठून उभा राहिला. दिनेशने श्वास सोडला.

“साफ केलेलं कुठे जातं?” दगूबाईंनी विचारलं. “माझ्या वर्गात कचरापेटी असायची. ती रोज रिकामी होत नसे.”

नवलने त्यांच्याकडे पाहिलं. मग एक पडदा उघडला, दुसरा उघडला. आणि काउंटरवर ढोल वाजायला लागला.

छोट्या पडद्यावर रिंगण फिरत होतं. खाली तारीख होती, इंदलाची. वेळ रात्री अडीचची, आणि म्हसावद तिथून दोन-अडीच तासांवर. मधोमध शिवाजी, घामाने भिजलेला, कळंबाची फांदी छातीशी धरून नाचत होता. फुलीबाईने दुसरं काही टिपलंच नव्हतं. लेक जाईल तिकडे फोन गेला होता. रिंगण फिरत राहिलं, शिवाजी फिरत राहिला.

हेमकांतने पडद्यावर वाकून पाहिलं. तारीख पाहिली. पुन्हा पाहिलं.

“शिवाजीच्या शेजारी बघा,” दगूबाई म्हणाल्या.

शेजारी फांदी होती. ती रिनाच्या हातात होती. रिंगणाची पूर्ण फेरी झाली, मग दुसरी. दिनेश कुठेच नव्हता.

सगळ्यांच्या माना वळल्या. रिना तोंडातला पदर काढून म्हणाली, “पाणी पिऊन येतो म्हणाला. मोटारसायकल घेऊन गेला. उजाडताना आला. हात धुतले तरी चिकट होते. मी विचारलं नाही.”

दिनेशने पळायचा प्रयत्न केला नाही. पळायला वाटही नव्हती. दिवाल्या त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. तो मारेल असं वाटलं. मारलं नाही.

“बाग कापली,” दिवाल्या म्हणाला. “भाऊ विकला. फोन पुसला. पण तू फांदी सोडून गेला, दिनेश. इंदलातून.” आणि तो त्याच्या पायाशी थुंकला.

पाटी फुटल्याचं ऐकून आलेला बाजार-बंदोबस्तावरचा हवालदार मागे उभा राहून पाहत होता. तो पुढे आला आणि दिनेशचा दंड धरला. नवलचा फोनही त्याने मागितला. नवल नको म्हणायच्या आत हेमकांतने तो उचलून त्याच्या हातात दिला.

“मी येस तुम्हनासंगे,” हेमकांत म्हणाला. “नाव मी दिधं व्हतं, मीच मागे लिसू. पोऱ्या सुटी जाई.” दिवाल्याच्या बाजूने जाताना तो क्षणभर थांबला, पण त्याच्याकडे न बघताच बोलला. “पन मन्ही बाग कोन उभी करी?”

पपईच्या बागेत दिलेली थोबाडीत त्या दोघांच्या मधे अजून तशीच उभी होती.

नवलची कुणी माफी मागितली नाही. उलट पाड्यातल्या दोन बायांनी आपले फोन काउंटरवर आपटले आणि म्हणाल्या, “तुझं नाव काढ यातून. आत्ता.”

“बसा,” दगूबाई स्टूल ओढत म्हणाल्या. “मी शिकवते तुमचं स्वतःचं कसं टाकायचं. नवल, तू फक्त बघ. आणि मन्ही बॅटरी नवी दे.”

उन्हं उतरली. गोकुळने हॉर्न वाजवला. साबरीपाड्याची माणसं दाटीवाटीने जीपमध्ये चढली. उशिराने घेतलेली मिरची-मिठाची पोती, माणसं, मुलं. दिवाल्याला गोकुळने न बोलता पुढच्या सीटवर बसवलं. हा दिवसभराचा निकाल कळल्यावर फुलीबाईला कुणीतरी मोटारसायकलवर बसवून खाली आणलं होतं. ती मागच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत शिवाजीचे धुतलेले कपडे होते. जीप पाड्याकडे जाणार होती, पण शिवाजी शहाद्याच्या कोठडीत होता, म्हणून आधी शहाद्याच्या फाट्यावर तिला आणि दिवाल्याला उतरवणार होती.

रिना रस्त्यावर उभी होती. जीपमधल्या बायांनी तिला पाहिलं आणि आपापले गुडघे पसरले. कुणी सरकलं नाही. गोकुळने गिअर टाकला.

“थांब,” फुलीबाई म्हणाली.

तिने मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली. बाकावर वीतभर जागा झाली.

“बस,” ती रिनाकडे न बघता म्हणाली. “पण माझ्याशी बोलू नको.”